काश्यप गोत्र

निंबा खैरनार रामकुंडावर आला मंगळवारी,
तिथी कसलीच नव्हती.
ओझरच्या विमान कारखान्यातला निवृत्त फिटर,
एक कान रिव्हेटच्या आवाजाने गेलेला.
म्हणाला, गुरुजी, पिंड करायचेत.
कुणाचे?
नावं नाहीत.

मी सवयीने नामावळीची वही उघडली.
आमच्याकडे सात पिढ्या सापडतात :
कोण पटकीत गेलं, कोण विहिरीत,
भिंत खचून झोपेत गेलेलेसुद्धा दोघं आहेत.
आभाळातून कुणी नाही.

एकाहत्तर साली, म्हणाला,
काचांना काळा कागद लावून बसायचो सगळे,
तुम्ही लहान असाल,
आपल्यावर पडेल म्हणून.
आपल्यावर नाही पडलं.
पंखाखालचा खटका मी बसवायचो,
बॉम्ब धरून ठेवणारा. सोडणारा.
तपासून, सही करून.
एकही अडकला नाही कधी.
एकही अडकला नाही, परत म्हणाला,
शाबासकी कुठे ठेवावी कळत नसल्यासारखं.

किती पिंड?
त्याने बोटांची पेरं मोजायला घेतली
आणि थांबला.

गोत्र माहीत नसेल तर काश्यप लावतात.
सोपं आहे, लावलं.
पण पुढे नाव लागतंच,
तिथे मी अडखळलो, चाळीस वर्षांत पहिल्यांदा,
आणि त्या रिकाम्या जागेत
पलीकडे कुणाची तरी कळशी पायऱ्यांवर आपटली.
निंबा दचकला. चांगल्या कानाने.

वहीत त्याची सही घेतली आहे.
सहीच्या वर लिहायचं तेवढं राहिलंय.