बारावा गडी

क्रॉस मैदानाच्या तंबूमागे
सगळी पोरं शतकवाल्याभोवती.
मी गेलो कोरगावकरांकडे,
बारावा गडी, हातात पाण्याची बादली.
"माझी कशाला रे?"
पण बादली ठेवली, हात पँटला पुसले
आणि 'र'ची शेपटी थेट पानाबाहेर.

झुबिन त्या सहीला
बबलगममधलं दुमडलेलं कार्डही देईना.
त्याच्या कार्डांना गुलाबी वास यायचा,
माझ्या वहीला ओल्या अंगठ्याचा डाग.

परवा फोर्टच्या बँकेत
आईचं खातं बंद करताना
पासबुकात एका जुन्या नोंदीशेजारी
तीच शेपटी, रकाना ओलांडून गेलेली.
"ते होय? केव्हाच रिटायर झाले,"
काउंटरवरची मुलगी म्हणाली,
"पासबुक जमा करा."

मी ते खिशात घातलं.
हरवलं म्हणून लिहून देतो, म्हटलं.