आज सॅल्मन नको

माझं काम थंडाव्याचं.
शीतगृहांतले थर्मामीटर खरं बोलतात की नाही
हे तपासत गावोगाव फिरते:
हैदराबाद, कोची, गुरुग्राम, पुन्हा कोची.
संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत बॅग टाकली
की सुशी शोधत निघते.
बारा वर्षं झाली. ऑफिसात हसतात.
आईला तर अजून सांगितलेलंच नाही
की मासा कच्चा असतो.

शिकले ते पैसे मोजून.
दारातच मासळीचा वास आला, तर तिथूनच मागे.
मेन्यूत चाळीस रोल आणि वर पनीर टिक्का,
तर पाणी पिऊन उठायचं.
आधी मागवायचं अंडं,
गोडसर, घडीवर घडी घातलेलं.
ज्याला अंड्याची घाई होते
त्याच्या हाती मासा सोपवू नये.
मग भात.
लोक माशाकडे बघतात, मी भाताकडे.
भात फ्रीजमधला गार लागला
म्हणजे कुणीतरी दुपारीच घरी गेलंय.
तो हवा तळहाताइतका कोमट,
आणि शितं अशी, की उचलेपर्यंत धरून राहावीत
आणि जिभेवर आपणहून सुटावीत.

बंगळुरात एकदा तिसाव्या मजल्यावर
सोन्याचा वर्ख लावलेला तुकडा आला.
खाली भात दगड.
वर्ख खाल्ला, बिल दिलं,
रिक्षात बसून शेंगदाणे खाल्ले.
कोचीत मात्र टायरच्या दुकानावरच्या माळ्यावर
एका नेपाळी पोरानं घास थेट हातावर ठेवला,
म्हणाला, बशीत नको, आत्ता.
पुढच्या खेपेला तिथे मोबाइलची कव्हरं.

वहीत प्रत्येक शहराला एक पान आहे.
नेरूळला नव्हतं.
नेरूळ म्हणजे कपडे मशीनला लावणं,
मुगाची खिचडी,
सोसायटीच्या पाण्याची वेळ विचारणं.

परवा गाडी सर्व्हिसिंगला दिलेली,
सीवूड्सला तासभर काढायचा होता.
जिमच्या मागे, झेरॉक्सवाल्याला लागून,
सहा खुर्च्या.
फळीपलीकडे निकेत मढवी, करावे गावचा,
आठ वर्षं क्रूझच्या भटारखान्यात काढलेला.
अंडं बरोबर.
भाताला बोट लावून पाहिलं. बरोबर.
तांदूळ कुठला, विचारलं.
‘जपानचा परवडत नाय ताई.
दोन जातींची भेसल हाय. कंच्या, ते सांगनार नाय.’

मी म्हटलं, आता सॅल्मन.
त्यानं सुरी पुसली. मग हात.
‘आज सॅल्मन नको.
माल आलाय, पन गारी दोन तास लेट झाली.
बरफ हाय. दिसतोय पन चांगला.
मी नसता खाल्ला.’
शेजारची दोघं हे ऐकून उठलीच,
मुलगी मोबाइलवर दुसरं काहीतरी शोधत.
त्यानं त्यांचे पेले उचलले, विसळले.

माझ्या पर्समध्ये सुईचा थर्मामीटर होता,
दशांशापर्यंत खरा, प्रमाणपत्रासकट.
मिनिटभरात सांगता आलं असतं
की तो उगाच घाबरतोय.
किंवा नाही.
चेन अर्धी उघडली
आणि रुमाल काढला.

काकडीचा रोल घेतला, परत एक अंडं.
तेवढ्यात गॅरेजचा फोन:
मॅडम, ब्रेक पॅड बदलावे लागतील, चार हजार.
खरं सांगतोय का,
कळायला मार्ग नव्हता.

रात्री आईनं विचारलं, काय खाल्लंस?
भात, म्हटलं.
कसला?
कोमट.