पुढे जागा आहे

कर्वे रस्त्यावर, ड्रायक्लीनरच्या वरच्या मजल्यावर
रात्री साडेदहाला मी लोकांच्या डोक्याला तारा चिकटवते.
बावीस तारा. मलम गार असतं, आधीच सांगून ठेवते.
मग दिवा बंद,
आणि पलीकडच्या खोलीत पडद्यावर
त्यांची झोप वाहताना बघत बसायचं.
याचेच मला पैसे मिळतात.

काल रोहिदास भोंडवे आले होते.
पीएमटीत एकतीस वर्षं कंडक्टर, रिटायर होऊन नऊ.
बायकोची तक्रार: झोपेत तिकिटं फाडतात.
उशीचा अभ्रा, पांघरुणाची किनार,
एकदा तर लाइटबिल.

तीन वाजून बारा मिनिटांनी
त्यांचे डोळे पापण्यांखाली पळू लागले.
उजवा हात उठला, बोटांची चिमूट झाली,
आणि स्पीकरमधून स्वच्छ आवाज:
"पुढे सरका. पुढे जागा आहे."

माझ्या तक्त्यात दर तीस सेकंदांना एक रकाना.
झोप, किंवा जाग.
जागा आहे म्हणणारा माणूस
यात कुठे बसवायचा?
कर्सर लुकलुकत राहिला.
खालून एक रिकामी बस गेली, तावदान थरथरलं,
आणि भोंडव्यांनी पडल्या पडल्या
पाय रोवून तोल सावरला.

सकाळी तारा काढताना म्हणाले,
"पुलगेटला एक बाई चढल्या. दहाची नोट.
सुट्टे नव्हते, म्हटलं उतरताना देतो,
तेवढ्यात तुम्ही दिवा लावलात."
"स्वप्न होतं, काका."
"ते मला ठाऊक आहे.
बाईंना ठाऊक नाही."

मग त्यांनी दाढ दाखवली, म्हणजे दाढेची जागा.
कॅम्पातल्या डॉक्टर ल्यांगनी काढलेली, सत्त्याऐंशी साली.
कापूस चावत यांनी विचारलं होतं,
दिवसाची ड्यूटी खरी, की रात्रीची?
डॉक्टर हात धूत होते. नळ तसाच ठेवून म्हणाले,
"आमच्याकडचे म्हातारे असलं विचारत नसत.
खडकवासल्याचं पाणी विचारतं का,
मी धरण, की कालवा, की तुमच्या तोंडातली चूळ?"
"मला काही नीट कळलं नाही," भोंडवे म्हणाले,
"गाल बधिर होता.
पण बधिर होता तरी माझाच ना?"

जाताना टेबलावर सात रुपये मोजून ठेवले.
"हडपसरला उतरतात. करडा स्वेटर,
हातात लोणच्याची बरणी. दिसल्या तर द्या."
मी हसले नाही. हसायला हवं होतं बहुधा.

रिपोर्टात लिहिलं: जाग.
खोडलं. झोप.
तेही खोडलं. रकाना रिकामा सोडला,
तसं मशीन लाल अक्षरांत ओरडू लागलं.
ओरडू दिलं.

आठची बस.
शाळेची मुलं, डबे, कुणाचा तरी ओला छत्रीचा दांडा,
सगळं शहर जागं होत चाललेलं
आणि मी त्याच्यातून उलटी, झोपेकडे.
फातिमानगरच्या पुढे डोळा लागला असावा.
खांद्याला कुणाचा तरी हात. करडी बाही.
मोहरीचा, हिंगाचा वास.
"सरकता का जरा?"

मी सरकले.
विचारणार होते, बाई, तुम्ही नक्की कुठल्या...
पण कंडक्टरने दोनदा घंटी मारली,
बस निघाली,
रामटेकडी मागे गेली की अजून यायची होती, कोण जाणे.

मुठीत सात रुपये गरम झाले होते.
मी मूठ उघडली.