रहाड उघडेपर्यंत

भुईचाफ्याचं शेवटचं पान
पिवळं पडून कुंडीच्या काठावर लोळलं,
तेव्हा एस्तेरबाई म्हणाल्या, कापू नको.
त्याचं त्याला निजू दे.
आणि पाणी बंद. अगदी बंद, कळलं?
दया आली तरी.

जिन्याखाली सरकवली कुंडी,
गॅसच्या रिकाम्या सिलिंडरशेजारी,
वर कांद्याचं गोणपाट.

निफाडला पारा चारावर आला.
द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या,
पहाटे दूधवाल्याच्या स्वेटरला धुराचा वास.
गोणपाट उचलून बघितलं:
माती. नुसती माती.
वरची हेमलता म्हणाली, रिकामीच आहे तर द्या की,
कोथिंबीर टाकते.

दिली नाही. पण त्या आठवड्यात
दोनदा तांब्या भरला
आणि दोनदा पुदिन्यात ओतला.

जानेवारीत एस्तेरबाई मुलाकडे गेल्या, पुण्याला.
गुडघ्यांना इथली थंडी सोसेना.
फोनवर एकच: घातलं नाहीस ना?
मग कधी घालू?
नाशिकची ना गं तू?
रहाड उघडेल त्या दिवशी.

वर्षभर जिच्यावरून स्कूटर गेल्या
ती तिवंध्याची रहाड
माती उपसून, फळ्या काढून उघडली.
पोरांनी धप्पे मारले, रंग गच्चीपर्यंत उडाला.
पिवळ्या कानांनी घरी आले,
ओल्या साडीतच
अर्धा तांब्या घातला. अर्धाच.

अकराव्या दिवशी
पान नाही, देठ नाही,
थेट मातीतून जांभळं-पांढरं,
जसं कुणी आतूनच ठेवून गेलं.

फोन मुलानं उचलला.
आई झोपलीय. उठवू का?
नको, म्हटलं.
उठली की सांग, दोन आलीत.
तिसरं डोकावतंय.