पाचापाचानं

निळ्या ताटलीवर गोळ्या पाचापाचानं ओढायच्या,
चपट्या पट्टीच्या टोकानं.
एकतीस वर्षं हेच केलं मी
पश्चिम व्हर्जिनियाच्या या अरुंद दरीत,
जिथं ऊन दहाला उतरतं आणि तीनला निघून जातं.
एकशे वीस म्हणजे चोवीस ढीग.
चूक कधी झाली नाही.
सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे,
आणि तेच सांगवत नाही.

ऑर्व्हल स्टिल्टनर पहिल्यांदा आला तो भिंत धरून.
खाणीचं छत बसलं होतं त्याच्या पाठीवर.
कागदावर डॉक्टरची सही होती, शिक्का होता.
कंपनीच्या माणसानं वाटलेल्या पेनावर
गोळीचं नाव होतं सोनेरी अक्षरांत;
तेच पेन मी वापरायचे, छान उतरायचं.
महिन्याभरात ऑर्व्हल ताठ चालत आला,
टोपी काढून म्हणाला, "बाई, झोप लागली हो."
मला बरं वाटलं.
खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मग तो अठ्ठाविसाव्या दिवशी येऊ लागला,
मग पंचविसाव्या.
मग म्हणे बाटली मोरीत सांडली,
मग म्हणे कुत्र्यानं खाल्ली.
कुत्रा बाहेर गाडीत बसलेला, चांगला टवटवीत.
मी काचेतून त्याच्याकडे बघितलं,
ऑर्व्हलनंही बघितलं,
आणि आम्ही दोघं थंडीबद्दल बोललो.

त्याच्या घरातून आधी बंदूक गेली, बापाची.
मग वेल्डिंगचं यंत्र.
मग डेल्फियाचं शिवणयंत्र,
जिच्यावर अर्ध्या दरीचे लग्नाचे झगे शिवून झाले होते त्या बाईचं.
मग डेल्फिया.
जाण्याआधी एका सकाळी तिनं काउंटरवर बरणी ठेवली,
सफरचंदाचा मुरंबा, झाकणावर तारीख घातलेली.
"आता त्याला देऊ नकोस."
मी म्हणाले, कागद बरोबर आहे, डेल्फिया.
मुरंबा मी ठेवून घेतला.

पुढे कायदा आला, गोळ्या आटल्या.
पण विहीर आटली म्हणून तहान आटते होय?
पुड्या आल्या, कुणाच्या तरी गाडीच्या टपाखालून,
आत काय, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसायचं.
ऑर्व्हलची धाकटी, टॅन्सी,
बापाच्या उशीखाली हात घालून पहिला धडा शिकलेली,
मला पेट्रोल पंपाच्या संडासात सापडली.
दाराखालून फक्त बूट दिसत होते.
ओठ निळे. त्या ताटलीसारखे, अगदी तोच निळा.

पर्समधला फवारा नाकात मारला.
मग श्वास द्यायचा, दर पाच सेकंदांनी एक.
एक दोन तीन चार, फुंक.
एक दोन तीन चार, फुंक.
मोजणं मला येतं.
तिच्या तोंडाला स्ट्रॉबेरीच्या च्युइंगगमचा वास होता.
चोविसाव्या फुंकेला ती खोकली, उठून बसली,
आणि मला शिवी घातली:
"उतरवलीस ना म्हातारे, वीस डॉलरची!"

टॅन्सी मार्चपर्यंत होती.
मी त्या दिवशी बहिणीकडे गेले होते.

ऑर्व्हल अजून आहे. रविवारी चर्चच्या मागच्या बाकावर बसतो.
मला बघून टोपी काढतो,
आणि हे मला सहन होत नाही.

काल राजमा निवडायला बसले.
बोटं आपोआप पाचापाचानं ओढत होती.
मध्येच थांबले. किती ढीग झाले, आठवेना.
ताट उचललं, तसंच रिकामं केलं पातेल्यात,
खड्यांसकट.