उजवा पाय

इथल्या वाऱ्याला नाव नाही.
नाव ठेवायला तो आधी थांबायला तरी हवा.

पातागोनियात, मेंढ्यांच्या कुंपणाला लागून
सातशे मीटर खडी, कडेला चुना फासलेले टायर,
आणि खांबावर वाऱ्याची पिशवी:
नेलिदाच्या आईने जुन्या पडद्याची शिवलेली,
फुलं अजून दिसतात.

मी एवारिस्तो. विमान उडवत नाही.
विमानाच्या पोटाखाली उताणा पडून असतो,
एकोणीस वर्षं.

असलं विमान जमिनीवर शेपटीवर बसतं, नाक आभाळात.
समोरचं काही दिसत नाही, फक्त दोन्ही कडा.
इंजिन डावीकडे ओढतं, वाराही डावीकडचा,
म्हणून उजवा पाय.
तिचा काका सांगायचा, पेडल दाबू नकोस गं,
पायाने विचारत राहा.

त्या सकाळी तिच्याकडे लसीची पेटी होती,
पलीकडच्या वस्तीतल्या अकरा पोरांसाठी.
शेपूट वर आलं.
नाक बोटभर डावीकडे गेलं.
मग वीतभर.
मग चुन्याचे टायर तिच्या अंगावर धावून आले.

सामानाची ट्रॉली कधी उलटी ढकलून बघा.
जड बाजू मागे राहायला तयार नसते,
तिला पुढे यायचंच असतं.
शेपूट धुळीतून गोल फिरून पुढे आलं,
उजव्या पंखाने खडी खरवडली,
डावं चाक पोटाखाली मुडपलं,
पंख्याची पाती मिटलेल्या बोटांसारखी.
कुंपणावरचा गिधाडाएवढा पक्षी उडाला, परत बसला.
मी धावत होतो. सातशे मीटर किती असतात
ते मला त्या दिवशी कळलं.

दारातून आधी पेटी बाहेर आली, मग ती.
"एकही बाटली फुटली नाही," म्हणाली,
आणि खडीवर मटकन बसली.

चौकशीला कोमोदोरोहून माणूस आला, हातात टेप.
तिने कागदावर लिहून दिलं:
माझा उजवा पाय उशिरा पडला.
वारा एवढा, वेग एवढा. खाली सही, रेवळीसारखी गोल.

आदल्या संध्याकाळी डावा ब्रेक मी आवळला होता.
टॉर्चचे सेल गेलेले. चाक हाताने फिरवलं,
दीड फेऱ्यात थांबलं.
चार व्हायला हव्यात.
मी ऐकलं ते थांबणं. म्हटलं, उद्या बघू.
आत चूल पेटली होती, मटणाचा वास येत होता.

टेपवाल्याने खडीतली रेघ मोजली.
डावीच रेघ, अगदी पहिल्या मीटरपासून काळी.
माझ्याकडे बघितलं की नुसतंच उन्हाकडे, कोण जाणे.
टेप आत शिरताना सळसळली.
मी सिगारेट मागितली. तो ओढत नव्हता.

आता रोज रात्री जेवताना
टेबलाखाली बारीक आवाज येतो.
नेलिदा भाकरीचा तुकडा मोडते, मीठ मागते,
आईशी मेंढ्यांच्या भावाबद्दल बोलते,
आणि खाली तिचा उजवा पाय
फरशीवर दाबला जातो, सुटतो, दाबला जातो.
पुढच्या वेळी वेळेवर पडावा म्हणून.
फरशीचा तेवढा भाग गुळगुळीत झालाय.

तीन आठवडे ऐकलं.
काल चमचा खाली ठेवला.
माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटला.
"नेलिदा, पाय उचल," म्हणालो.
"तो वेळेवर होता."

तिच्या आईने दिवा थोडा मोठा केला.
कुणी काही बोललं नाही.
बाहेर पिशवी फडफडत होती,
तिला काय, ती दिशा सांगून मोकळी.