शेंडेनक्षत्र, नारियाच्या वाटेवर

जुबैलमध्ये रात्र होत नाही.
रिफायनरीच्या ज्वाळा बारा महिने आभाळ भाजतात,
चंद्रसुद्धा ओव्हरटाइमला आल्यासारखा
फिकट, डोळे चोळत उगवतो.
म्हणून गुरुवारी शिफ्ट सुटल्यावर
याकूब मुकादमने पिकअप काढली.
मी, इनास आणि एक वेल्डर,
बुटांत अजून लोखंडाची कीस.
समुद्राकडे पाठ करून नव्वद किलोमीटर,
मग डांबर सोडून आणखी चार.

राजापुरात ढग होते.
शर्वाणीने सकाळीच बजावलेलं,
बाबा, तुम्ही बघा. शाळेत सांगायचंय.
किती मोठं ते नीट सांगा.
मागून आई म्हणाली,
शेंडेनक्षत्र ते, मुद्दाम जातं का कुणी बघायला?

दिवे विझवले. इंजिन टकटकत निवत राहिलं.
पश्चिमेला उजेडाची शेवटची साय,
आणि आमची चार बोटं चारीकडे.
ते? ते विमान.
ते? अरे, तो शुक्र.
इनासने मोबाइलवर नकाशा उघडला,
तर त्या पांढऱ्या उजेडात
होते नव्हते तेवढे तारेही गेले.

तेवढ्यात उंटांचा वास आला,
मागोमाग सलाम, आणि एक उंच सुदानी माणूस.
बाबिकर. सत्तर उंट दुसऱ्याचे, काठी स्वतःची.
आम्ही काय शोधतोय ते याकूबने
मोडक्या अरबीत सांगितलं.
तो हसला. माझं मनगट धरून
पोराला पाटीवर अक्षर गिरवायला लावावं
तसा माझा हात त्याने वर नेला.

होतंच की.
रांगोळीची चिमूट सोडताना
वारा आडवा यावा आणि रेघ फाटत जावी,
तसं.

आठ दिवस बघतोय, तो म्हणाला,
उंटांना पाणी पाजताना.
सांगणार कुणाला?

याकूबने कुठेसं वाचलेलं:
शेपूट सूर्याच्या उलट्या अंगाला असते,
परत फिरताना तीच पुढे, धूमकेतू मागून.
आपल्यासारखंच, इनास म्हणाला,
पेट्या आधी बोटीने, माणूस नंतर.
कुणी हसलं नाही. वेल्डर जरासा हसला.

फोटोत काही आलं नाही,
पापणीचा केस चिकटल्यागत एक ओरखडा.
मग लेकीला फोन लावला.
किती मोठं?
हात लांब कर, अंगठा आणि करंगळी ताण, तेवढं.
हलतं?
नाही गं.
मग शेपूट कशाला?
मला सुचेना. थांब, म्हटलं, विचारून सांगतो,
आणि बाबिकरकडे वळलो.

तो गाडीत बसला होता, दार उघडं,
पाय वाळूत, हातात त्याचा फुटक्या काचेचा मोबाइल,
आमच्या चार्जरला लावलेला.
अकरा टक्के. बारा.
ओम्दुरमानला लावायचाय, म्हणाला,
लागला तर.
वर बघत नव्हता तो.

आम्ही इंजिन चालू ठेवलं.
शेंडेनक्षत्र टेकाडामागे उतरलं,
शेपूट थोडा वेळ उभी राहिली.
एकोणीस टक्के.
कुणी निघूया म्हणालं नाही.